छापखाना मालकाचं ऐकत नाही

गुटेनबर्गनं सुट्या खिळ्यांचा छापखाना काढला आणि बायबल छापलं, एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या बायबलवर छापल्याची तारीखच नाही. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेल्या आणि तारीख असलेल्या कागदांपैकी आज हाती असलेला सगळ्यात जुना कागद ऑक्टोबर १४५४ मधला आहे. तो बायबलचं पान नाही की राजाचा हुकूम नाही. तो एक फॉर्म आहे.

फॉर्म म्हणजे अगदी आपल्या ओळखीचा. मजकूर आधीच छापलेला आणि मध्ये नाव, गाव, तारीख लिहायला कोऱ्या जागा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे त्याचं चित्र पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मला टेम्प्लेट आणि इनपुट फील्डच दिसली. साडेपाचशेहून जास्त वर्षं झाली, तरी कल्पना तीच आहे.

हा फॉर्म होता पापमुक्तीपत्राचा. कॅथलिक शिकवणीनुसार पापाची कबुली दिली की दोष माफ होतो, पण त्या पापाची ऐहिक शिक्षा उरते. ती या जन्मात नाही तर शोधनस्थानात भोगायची. चर्चच्या अधिकारानं ती शिक्षा कमी करून देणारं पत्र म्हणजे पापमुक्तीपत्र. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं होतं आणि पुढची पाळी सायप्रसची येईल अशी भीती होती. सायप्रसच्या रक्षणासाठी देणगी देणाऱ्याला हे पत्र मिळायचं. अशी पत्रं हातानं लिहायची तर लेखनिकांची फौज लागली असती. छापखान्यानं तो प्रश्न एका फटक्यात सोडवला. मजकूर एकदा जुळवायचा, हव्या तितक्या प्रती काढायच्या आणि नाव तेवढं हातानं भरायचं.

थोडक्यात, छापखान्याच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत चर्च होतं आणि चर्च खूश होतं. यंत्र नेमकं ज्यासाठी हवं होतं त्यासाठीच चाललं होतं.

गुटेनबर्गबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आजच्या भाषेत तो स्टार्टअपवाला होता. छापखान्याआधी स्ट्रासबर्गमध्ये त्यानं भागीदारीत आरसे बनवायचा धंदा मांडला होता. आखेनच्या यात्रेत पवित्र अवशेष दाखवले जात, तेव्हा त्यांचं तेज टिपून घ्यायला यात्रेकरू हे छोटे आरसे वापरत. पण यात्रा १४३९ ऐवजी १४४० ला गेली, माल अडकला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. पुढे माइन्झमध्ये छापखान्यासाठी त्यानं योहान फुस्टकडून दोनदा आठ-आठशे गिल्डर घेतले. बायबलच्या सुमारे १८० प्रती तयार होत आल्या, तोवर १४५५ मध्ये फुस्टनं पैशांसाठी दावा लावला आणि गुटेनबर्ग तो हरला. ज्या यंत्रानं जग बदललं, ते त्याच्या स्वतःच्या ताब्यातही फार काळ राहिलं नाही.

त्याच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी त्याच माइन्झच्या आर्चबिशपला एक पत्र आलं. तारीख ३१ ऑक्टोबर १५१७. लिहिणारा विटेनबर्गच्या विद्यापीठातला एक मठवासी प्राध्यापक, मार्टिन ल्यूथर. आर्चबिशप आल्ब्रेख्टनं हे पद मिळवताना फुगर या सावकार घराण्याचं कर्ज काढलं होतं. पापमुक्तीपत्रांच्या विक्रीतला अर्धा पैसा रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाला आणि अर्धा हे कर्ज फेडायला जात होता. ल्यूथरनं तक्रारीच्या पत्रासोबत ९५ मुद्दे जोडले होते. ते लॅटिनमध्ये होते, विद्वानांनी वाद घालावा म्हणून. ते त्यानं चर्चच्या दारावर ठोकले की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. छापखान्यांनी ते उचलले, यावर मात्र वाद नाही. काही आठवड्यांत न्युरेंबर्ग, लाइप्झिग आणि बाझेलमध्ये ते छापून झाले.

पुढच्या मार्चमध्ये ल्यूथरनं न्युरेंबर्गच्या एका ओळखीच्या माणसाला लिहिलं त्याचा आशय असा, की हे इतकं पसरावं असा माझा बेत नव्हता. जवळच्या थोड्या लोकांशी चर्चा करायची होती. हे होईल असं वाटलं असतं तर वेगळ्या पद्धतीनं लिहिलं असतं. ग्रुपमध्ये टाकलेला मेसेज बाहेर फिरायला लागला की आपण जे म्हणतो, तेच.

पण ल्यूथर लवकर शिकला. १५१८ मध्ये त्यानं याच विषयावर लॅटिन सोडून जर्मनमध्ये एक छोटं प्रवचन लिहिलं. दोनेक वर्षांत त्याच्या वीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. यामागे धंद्याचं साधं गणित होतं. जाडजूड लॅटिन ग्रंथ छापायला महिनोन्महिने जात आणि तोवर मुद्रकाचं भांडवल कागदात अडकून पडे. आठ पानांची पत्रिका मात्र दोन-तीन दिवसांत छापून विकता यायची. ल्यूथर छोटं लिहायचा, लोकांच्या भाषेत लिहायचा आणि भांडायचा. मुद्रकाला आणखी काय हवं? ज्या यंत्रानं पापमुक्तीपत्रं स्वस्त केली, त्याच यंत्रानं त्यांच्यावरची टीकाही स्वस्त केली.

मी प्रोटेस्टंट घरातला आहे. आमच्याकडे ही गोष्ट सांगतात ती बहुतेक इथे थांबते. चर्चनं आपल्या फायद्यासाठी यंत्र वापरलं, देवानं त्याच यंत्रातून सुधारणा घडवली, आमेन. गोष्ट ऐकायला छान आहे. पण छापखाना इथे थांबला नव्हता.

१५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी बारा मागण्यांचं पत्रक छापलं. आमचा पाळक आम्ही निवडणार. ख्रिस्तानं सगळ्यांनाच आपल्या रक्तानं सोडवलंय, तर आम्ही कुणाचे बांधील गुलाम का? समासात बायबलचे संदर्भ दिलेले होते. ल्यूथरनं जे शिकवलं तेच ते त्याला वाचून दाखवत होते. उठाव हिंसक झाला तेव्हा ल्यूथरनं पत्रिका लिहून राजेरजवाड्यांना सांगितलं, की या बंडखोरांना मारून काढा. तीही छापली गेली. मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांची संख्या लाखाच्या घरात असावी असा अंदाज आहे. १५१७ मध्ये चर्चच्या हातून निसटलेलं यंत्र आठच वर्षांत ल्यूथरच्याही हातून निसटलं.

आणि त्याच्याही आधी, १४८६ च्या सुमारास, श्पायर शहरात चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर खटले कसे चालवावेत, याचं एक पुस्तक निघालं होतं: 'मालेउस मालेफिकारुम', म्हणजे चेटकिणींवरचा हातोडा. लिहिणारा हाइनरिख क्रामर हा डॉमिनिकन धर्मगुरू. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एका पुस्तकानं सगळं घडत नसतं हे खरं. पण पुढच्या दोन-अडीच शतकांत चेटुकाच्या आरोपावरून युरोपात सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला असं मानतात. त्यात बहुसंख्य बायका होत्या. कॅथलिक मुलखात आणि प्रोटेस्टंट मुलखातही. बायबल घरोघरी नेणारं यंत्र आणि हे पुस्तक गावोगावी नेणारं यंत्र एकच होतं.

चर्चनं मग ते ताब्यात ठेवायचे प्रयत्न केले. १५५९ मध्ये पोपच्या अधिकारानं बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी निघाली. पण त्याच सुमारास एक छापखाना समुद्रमार्गे आपल्याकडेही येऊन पोचला होता. त्याची गोष्ट मला जास्त जवळची वाटते.

हा छापखाना खरं तर आपल्यासाठी नव्हताच. पोर्तुगालहून जेझुइटांची तुकडी तो अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, घेऊन चालली होती. वाट गोव्यावरून होती. सप्टेंबर १५५६ मध्ये जहाज गोव्याला लागलं, पुढे जाण्यासारखी परिस्थिती राहिली नाही आणि यंत्र सेंट पॉल कॉलेजात बसवलं गेलं. भारतातली छपाई अशी सुरू झाली. १५५७ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका तिथे छापली गेली.

१५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या, पण कानांना पुराणाची सवय होती. स्टीफन्सनं त्यांच्यासाठी बायबलची गोष्ट मराठी ओवीत लिहिली. जवळपास अकरा हजार ओव्या. हेच 'क्रिस्तपुराण'. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. हेतू धर्मशिक्षणाचा होता. पण आज ते वाचतात ते बरेचसे मराठी साहित्याचे अभ्यासक, आणि स्टीफन्सनं केलेला मराठीचा गौरव ख्रिस्ती नसलेली माणसंही प्रेमानं म्हणतात.

मग १६८४ साल आलं. गोव्याच्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. त्याआधी दहाएक वर्षं गोव्यातली छपाईही थंडावली होती. ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये. ज्या भूमीत भारतातला पहिला छापखाना आला, तिथे जवळपास दीडशे वर्षं तो नव्हता. 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या आवृत्त्यांची छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये तिथे आले आणि चारेक वर्षांत त्यांनी मराठी छपाई सुरू केली. हेतू स्पष्ट होता: शुभवर्तमान मराठीत छापायचं आणि वाटायचं. हा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या माणसानं स्वतःचा शिळाछापखाना उभा केला. त्यानं १८३१ मध्ये काय छापलं? पंचांग. सोवळ्या मंडळींना छापील कागद चालेना, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. त्यानं तुपाची शाई केली असं सांगतात. त्याच साली मोरभट दांडेकरांनी मिशनरी जॉन विल्सनला उत्तर देणारं हिंदू धर्माच्या बाजूचं पुस्तक छापून आणलं. पुढे जावजी दादाजी हा मुलगा अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात खिळ्यांचं काम शिकला. १८६९ मध्ये त्यानं 'निर्णयसागर' काढला. संस्कृत काव्यं, शास्त्रग्रंथ आणि पुन्हा पंचांग. अमेरिकेतल्या चर्चमध्ये आठवड्याच्या दानपेटीत नाणी टाकणाऱ्यांना कुणी सांगितलं असतं, की तुमच्या पैशांतून शिकलेला कारागीर उद्या कालिदास छापणार आहे, तर त्यांच्यातल्या किती जणांनी दुसरं नाणं टाकलं असतं?

हे वाचताना मला हसू येतं आणि बरंही वाटतं. ज्यांचा धर्म बदलायला यंत्र आणलं, त्यांनी ते शिकून घेतलं आणि आपलं जे होतं ते छापलं. यंत्रानं मालकाचं ऐकलं नाही. यात मालकाचाही पराभव झाला असं मला वाटत नाही.

आणि मग १८५५. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, चौदाएक वर्षांची मांग समाजातली मुलगी, एक निबंध लिहिते. विषय मांग-महारांचं दुःख. तो छापला जातो अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये, दोन भागांत. ती विचारते, वेद आमचे नाहीत असं तुम्हीच म्हणता, मग आमचा धर्म कोणता? उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या हालांबद्दल ती लिहिते. ब्राह्मणशाहीवरची ही टीका मिशनला सोयीची होती, हे नाकारायचं कारण नाही. पण आज तो निबंध मिशनचा कागद म्हणून कुणी वाचत नाही. दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात म्हणून वाचतात. गुटेनबर्गच्या पहिल्या फॉर्ममध्ये सामान्य माणसासाठी एकच कोरी जागा होती, नावाची, आणि ती भरायला पैसे पडत. इथे अख्खा मजकूर त्या मुलीचा होता.

म्हणजे हिशेब काय झाला? एका बाजूला मुक्ता साळवे, दुसऱ्या बाजूला चेटकिणींवरचा हातोडा. माझ्या कामात याला 'अनइन्टेन्डेड कॉन्सिक्वेन्स' म्हणतात. मीटिंगमध्ये हा शब्द निघाला की सगळ्यांना थोडं हलकं वाटतं. हेतू नव्हता ना, मग झालं. मला हा शब्द खटकतो तो याच कारणासाठी. तो घडलेल्या गोष्टीपेक्षा आपल्या मनाबद्दल जास्त बोलतो.

उदाहरण फार लांबचं नको. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. फॉरवर्डचं बटण बनवणाऱ्या माणसाच्या मनात खून नव्हता. गुटेनबर्गच्या मनातही चेटकिणी नव्हत्या. पण मारली गेलेली माणसं कुणाच्या मनात काय होतं यानं परत येत नाहीत. सगळं शेवटी भल्यासाठीच होतं, हे वाक्य राईनपाड्याला जाऊन म्हणायची माझी हिंमत नाही. जे वाक्य तिथे म्हणता येत नाही, ते प्रार्थनेतही म्हणू नये असं मला वाटतं.

मग ख्रिस्ती माणूस म्हणून माझ्या हातात काय उरतं? मला येशूचे शेतीचे दोन दाखले शेजारी-शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. मार्कच्या चौथ्या अध्यायात एक शेतकरी बी टाकतो. रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याचं त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. मत्तयच्या तेराव्या अध्यायातही शेत आहे. तिथे चांगलं बी पेरलेलं आहे, पण लोक झोपेत असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो.

दोन्हीकडे माणसं झोपलेली आहेत. एका ठिकाणी झोप म्हणजे विश्वास: वाढवणारा मी नाही, हे मान्य करून डोळे मिटणं. दुसऱ्या ठिकाणी त्याच झोपेत निदण पडतं. शेतकऱ्याला झोप तर लागणारच. येशू झोपेबद्दल कुणालाच रागावत नाही.

फरक मला उठण्यात दिसतो. मार्कचा शेतकरी रोज उठतो आणि पिकाकडे बघत असतो, म्हणून तर कापणीची वेळ आल्याचं त्याला कळतं. मत्तयच्या गोष्टीत गव्हात काहीतरी वेगळं उगवलंय हे पहिल्यांदा दिसतं ते चाकरांना. ते मालकाकडे जाऊन सांगतात आणि विचारतात, उपटू का? मालक म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटला जाईल. हा 'नको' मला गोव्याच्या फर्मानाशेजारी ठेवावासा वाटतो. एका भाषेला उपटायला निघालेल्या हातांनी, तीच भाषा घेऊन देवाचं नाव घेणाऱ्या स्वतःच्याच माणसांची मुळं ओढली. पण मालक चाकरांना असंही म्हणत नाही, की तुम्ही बघितलंत कशाला, हे निदण नाहीच. निदणाला निदण म्हणायची मुभा त्या दाखल्यात पूर्ण आहे.

बारा मागण्या छापून आल्या तेव्हा ल्यूथरला आपल्याच बियाचं रोप ओळखता आलं असतं. उठावाआधी त्यानं राजेरजवाड्यांनाही सुनावलं होतं, हे खरं. पण वेळ आली तेव्हा तो शेत बघायला गेला तो कोयता घेऊनच. मला त्याचा हा भाग त्याच्या धैर्याइतकाच लक्षात ठेवावासा वाटतो.

आम्ही जे बनवतो ते कुठे जाईल हे आम्हाला कळणार नाही. गुटेनबर्गला कळलं नाही, जेझुइटांना कळलं नाही. ते कळायलाच हवं होतं असा आग्रह धरणं म्हणजे माणसाकडून देव होण्याची अपेक्षा करणं आहे. पण रिलीजच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शेतावर जाणं जमण्यासारखं आहे. डॅशबोर्डवर वापर किती वाढला, हे दिसतं. कुठल्या गावात काय उगवलं, हे विचारावं लागतं. जो सांगायला येईल त्याचं ऐकून घ्यावं लागतं. तो बहुतेक वेळा मालक नसतो, चाकर असतो. कधी बारा मागण्या घेऊन आलेला शेतकरी असतो, कधी शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी.